प्रत आणि परत

(आकाशवाणीवरील भाषण)

सोलापूर शहराच्या दक्षिणेस विजापूर रस्त्याच्या अंगाने जी मोठी वसाहत वाढली आहे, तिला जुळे सोलापूर असे नाव आहे. निवृत्त झाल्यापासून माझे वास्तव्य तेथेच आहे. या नावाचा मला एक अनपेक्षित उपयोग होतो. शेजारीपाजारी कोणी विचारले की, "मास्तर, हे बॅकअप बॅकअप म्हणतात ते काय?" तर मी सांगतो, "आपण जेथे राहतो तेच. एक सोलापूर आहे, आणि त्याचे एक जुळे आहे. संगणकाचेही तसेच एक जुळे करून ठेवावयाचे, म्हणजे एकास काही झाले तर दुसरे हाताशी असते." या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होई, आणि पुष्कळ दिवस माझेही होत असे. परंतु दोन वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आले की, हे उत्तर अपुरे आहे. जुळे करून ठेवणे हा निम्माच भाग होय. वेळ आली असता ते जुळे उठून उभे राहते की नाही, हा उरलेला निम्मा. आणि आपण बहुतेक सारे चुकतो ते या दुसऱ्या निम्म्यात.

मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तर झालो आणि मुलांच्या पाट्या तपासण्यात हयात घालविली. तथापि पुसलेल्या पाटीकडे पाहून रडणारे मूल मी जितक्या वेळा पाहिले आहे तितक्या वेळा एखाद्या पंडिताने पाहिले नसेल. तेवढ्याच अधिकारावर आज चार शब्द बोलतो.

प्रथम, आपल्या घरच्या संगणकात चीजवस्तू राहते कोठे ते पाहू. ती राहते डिस्कमध्ये. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटास बहुधा ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात, आणि अक्षरे वाचणारे टोक त्या तबकडीपासून माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये, जिला एसएसडी म्हणतात, फिरणारे असे काही नसते. सूक्ष्म कोठ्यांत विजेचा भार कोंडून अक्षरे जपलेली असतात. पहिली पुष्कळदा आधी कण्हते आणि मग मरते. दुसरी एखाद्या सकाळी न बोलता निघून जाते. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या पुढे चढतो, वीज जाते आणि येते, येताना कधी दांडगाईने येते. त्याखेरीज चोरी आहे, सांडलेला चहा आहे, नातवंडाचे चपळ बोट आहे आणि आपले स्वतःचे अज्ञान आहे. तात्पर्य, डिस्क जाईल की काय हा प्रश्न नसून ती कधी जाईल, एवढाच आहे.

माझी डिस्क एप्रिल महिन्यात दुपारी गेली. आधी आठवडाभर ती घड्याळासारखी टकटक करीत होती. मला वाटले पंखा असेल. दुरुस्ती करणाऱ्या तरुणाने पाहून सांगितले की, यातून आता काही निघावयाचे नाही. निघाले तर पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत निघेल, आणि त्याची खात्री नाही. मी मात्र अगदी शांत होतो. माझ्याजवळ बाहेरची एक डिस्क होती आणि तिच्यात रोज रात्री आपोआप प्रत उतरत असे. नवी डिस्क बसविली आणि मी माझी जुळी डिस्क मोठ्या ऐटीने जोडली.

तेव्हा दोन गोष्टी उघडकीस आल्या. एक अशी की, ती बाहेरची डिस्क आठ महिन्यांपूर्वीच भरून गेली होती. तेव्हापासून तिच्यात एक अक्षरही उतरले नव्हते. पडद्याच्या कोपऱ्यात रोज एक इंग्रजी सूचना येत असे, आणि माशी हाकलावी तशी मी ती रोज हाकलीत असे. दुसरी गोष्ट याहून वाईट होती. प्रत उतरविणाऱ्या त्या कार्यक्रमास मी प्रारंभी 'कागदपत्रे' आणि 'चित्रे' असे दोनच कप्पे नेमून दिले होते. माझ्या थोरल्या बहिणीचा आवाज ज्या कप्प्यात होता तो मी नंतर निराळ्या जागी केला होता. तो या यादीत कधी नव्हताच.

आक्का जात्यावरच्या ओव्या म्हणत असे. जाते घरातून जाऊन कित्येक वर्षे झाली होती, पण माझ्या आग्रहास्तव तिने शेजारच्या खेड्यातून एक मिळवून आणविले आणि २०१७ च्या हिवाळ्यात, थोडे थोडे दळता दळता, एकतीस ओव्या मोबाइलवर म्हणून दिल्या. मागे जात्याची घरघर आहे, मध्येच तिचा दम लागलेला ऐकू येतो. पुढच्या वर्षी ती गेली. ती ध्वनिमुद्रणे मी संगणकात नेऊन ठेविली, आणि मोबाइलमध्ये जागा व्हावी म्हणून तेथून पुसून टाकिली. म्हणजे, श्रोतेहो, ज्या वस्तूची एकच प्रत उरली होती, ती मी माझ्या हाताने एकच करून ठेविली होती. आणि रोज रात्री प्रत उतरते या भरवशावर झोपत होतो.

एकतीसपैकी नऊ परत मिळाल्या. बार्शीस माझा भाचा असतो, त्यास मी केव्हातरी कौतुकाने नऊ ओव्या पाठविल्या होत्या, त्या त्याच्या मोबाइलमध्ये होत्या. उरलेल्या बाविसांसाठी आक्काची मुलगी, माझी पत्नी आणि मी तीन संध्याकाळी एकत्र बसलो आणि आठवून आठवून लिहीत गेलो. सतरा लिहून झाल्या. त्यांतील काहींविषयी भाची म्हणे, आई असे म्हणत असे. पत्नी म्हणे, नाही, वन्संचा शब्द निराळा होता. शेवटी आम्ही दोन्ही शब्द लिहून ठेविले. पाच ओव्या कोणासच आठवल्या नाहीत. आणि आवाज तर स्मरणातून कागदावर उतरवितां येतच नाही.

त्या तीन संध्याकाळी मला राहून राहून आपल्या मराठी वाङ्मयाच्या आरंभीची एक हकीकत आठवत होती. श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकात गावोगाव फिरून, ज्याने पाहिले त्यास विचारून, गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. तेव्हा पंथातील ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांनी ती स्मरणातून पुन्हा लिहविली. हिराइसेचा पाठ त्यांत प्रसिद्ध आहे. ग्रंथ वाचला, ही केवढी भाग्याची गोष्ट! परंतु स्मरण करणारे अनेक, म्हणून पाठही अनेक झाले, आणि कोठे कोणता शब्द मूळचा हे ठरविण्यात आजही अभ्यासकांचे आयुष्य जाते. मूळ नाहीसे झाल्यावर स्मरणावरून जे उभे राहते ते मूळ असत नाही. त्या माणसांपाशी दुसरा उपाय नव्हता. आपल्यापाशी आहे, आणि तरी आपण स्मरणावर विसंबतो, याची मला लाज वाटली.

तेव्हापासून मी या विषयाचा जमेल तसा अभ्यास केला. त्याचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर, जी परत मिळते तीच प्रत. बाकीचे सर्व मनाचे समाधान. आता हे सार व्यवहारात कसे आणावे ते क्रमाने सांगतो.

पहिला प्रश्न, प्रती किती आणि कोठे? पीटर क्रॉग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने २००५ साली आपल्या व्यवसायबंधूंसाठी लिहिलेल्या पुस्तकातून एक नियम प्रचारात आला, तो तीन-दोन-एक या नावाने ओळखला जातो. ज्या वस्तूची किंमत आहे तिच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि एक प्रत घराबाहेर असावी. घरच्या माणसास याचा अर्थ असा: एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी इंटरनेटवरील साठवणीत अथवा दुसऱ्या गावी मुलीच्या किंवा भावाच्या कपाटात. आग लागली किंवा पाणी शिरले तर टेबलावरचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातील डिस्क यांची गत एकच होते. मुंबईस मंत्रालयाला २१ जून २०१२ रोजी लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील कागदांचे ढीगच्या ढीग जळाले, हे आपणांस आठवत असेल. सरकारच्या घराची ही कथा, तर आपल्या दोन खोल्यांचे काय सांगावे!

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह अशा सोयी आपला कप्पा आणि दूरचा कप्पा एकसारखे ठेवितात. हे सोयीचे खरे, पण ते प्रतिबिंब आहे. आरशासमोरच्या माणसाने टोपी काढली की आरशातल्यानेही काढली. आपण चुकून एक फाइल पुसली की ती तेथूनही पुसली जाते. गूगल ड्राइव्हच्या केराच्या टोपलीत ती तीस दिवस राहते, एकतिसाव्या दिवशी आठवण झाली तर हात चोळीत बसावे. म्हणून निदान एक प्रत अशी असावी की, आजची चूक तिच्यापर्यंत आजच पोहोचणार नाही.

यावरून दुसरी गोष्ट ओघाने येते. एक प्रत सुटी, म्हणजे तार काढून ठेवलेली, असली पाहिजे. याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यास लागून गेले आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेन देशातून नॉटपेट्या नावाचा एक विध्वंसक कार्यक्रम पसरला. त्या देशात प्रचलित असलेल्या एका हिशेबाच्या कार्यक्रमाच्या पाठीवर बसून तो शिरला, आणि जोडलेल्या संगणकांतून संगणकांत धावत सुटला. ज्यात शिरला त्यातील अक्षरे तो अशी कोंडून टाकी की, किल्ली कोणापाशीच नसावी. मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीस त्याचा मोठा तडाखा बसला, आणि तिच्या गटाकडे असलेल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका धक्क्याचे कामही विस्कळीत झाले. या कंपनीच्या सर्व जाळ्याची ओळखपाळख सांभाळणारे सुमारे दीडशे संगणक जगभर होते. प्रत्येकापाशी इतरांची प्रत होती. एक गेला तर दुसऱ्यावरून उभारता येईल, अशी योजना होती. परंतु ते सारे एकमेकांस अखंड जोडलेले असल्यामुळे सारे एकदमच गेले. सर्व गेले असता एक मात्र उरला. आफ्रिकेतील घाना देशाच्या कचेरीत त्या वेळी वीज गेलेली होती, म्हणून तेथील संगणक बंद पडून सुटा राहिला होता! दुष्ट वीजमंडळाची आपण रोज निर्भर्त्सना करतो. पण येथे वीज जाण्याने एक जगड्व्याळ कंपनी वाचली. ती अक्षरे तारेवरून पाठवावयास फार दिवस लागतील म्हणून ती डिस्क माणसांनी हातोहात नायजेरियामार्गे विमानाने इंग्लंडास पोहोचविली. त्यानंतर कंपनीस दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असे तिच्या अध्यक्षांनी पुढे जाहीर सभेत सांगितले. आपल्यापुरता बोध एवढाच की, प्रत उतरविण्याचे काम झाले की बाहेरच्या डिस्कची तार काढावी आणि ती कपाटात ठेवावी. मी ती बारा महिने तेरा काळ जोडून ठेवीत असे.

आता तिसरी गोष्ट, आणि ही संपूर्ण पुनःस्थापनेच्या मर्माची आहे. फाइलींची प्रत निराळी आणि सबंध संगणकाची प्रत निराळी. पहिलीत आपली पत्रे, छायाचित्रे, हिशेब येतात. दुसरीत त्यांच्यासह संगणक चालविणारी प्रणाली, सर्व कार्यक्रम, त्यांच्या मांडण्या, मराठी कळफलक, टंक, सारे काही जसेच्या तसे येते. तिला डिस्कची प्रतिमा, म्हणजे इमेज, म्हणतात. कोणी म्हणेल, माझी पत्रे असली म्हणजे पुरे, प्रणाली काय बाजारात मिळते. मराठी माणसाने असे म्हणू नये. आपल्यापैकी पुष्कळांचे वीस वर्षांपूर्वीचे लेखन श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा टंकांत आहे. त्या काळी हे टंक रोमन अक्षरांच्याच खुणांवर मराठी चेहरे चढवीत असत. टंक असला तर 'माझे घर' दिसते. टंक नसला तर इंग्रजी अक्षरांची आणि विरामचिन्हांची अर्थहीन खिचडी दिसते. फाइल तीच, एक बिंदूही हरवलेला नाही, पण वाचता येत नाही.

महानुभावांचेच उदाहरण पुन्हा घ्यावे लागते. चौदाव्या शतकापासून त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. पोथ्या सुरक्षित राहिल्या, पण पंथाबाहेरच्यांस त्या शतकानुशतके मुक्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे प्रभृती संशोधकांस त्या लिपीची किल्ली लाभली, तेव्हा मराठी वाङ्मयाचे एक मोठे दालन उघडले. किल्लीवाचून पोथी आणि पोथीवाचून किल्ली, दोन्ही सारखीच निरुपयोगी. म्हणून दोन कामे करावीत. जुन्या टंकांतील लेखन युनिकोडमध्ये बदलून घ्यावे. आणि सबंध डिस्कची प्रतिमा ठेवावी, म्हणजे लेखनाबरोबर ते वाचण्याचे साधनही टिकेल. आजच्या किल्लीसही विसरू नये. विंडोजच्या नव्या संगणकांत बिटलॉकर नावाच्या सोयीने डिस्क पुष्कळदा आपोआप कुलूपबंद झालेली असते. तिची किल्ली अठ्ठेचाळीस अंकांची असते. ती मायक्रोसॉफ्टच्या आपल्या खात्यात बहुधा जमा असते. पण खात्याचा परवलीचा शब्द कोठे आहे? तर त्याच बंद पडलेल्या संगणकात! हे अंक आणि परवलीचे शब्द वहीत शाईने लिहून, ती वही दागिन्यांबरोबर ठेवावी.

आता प्रत्यक्ष कृती. तीन साधने जमवावीत: संगणकातील भरलेल्या जागेच्या निदान दुप्पट जागेची बाहेरची डिस्क, ३२ जीबीचा एक रिकामा पेन ड्राइव्ह, आणि वही. पेन ड्राइव्हवर प्रथम तारक साधन तयार करावे. विंडोजमध्ये त्यास रिकव्हरी ड्राइव्ह म्हणतात. ते करताना त्यावरचे पूर्वीचे सर्व पुसले जाते, हे ध्यानात असावे. याचे काम काय? डिस्क मेल्यावर संगणकास स्वतः उठून बसण्याचे बळ राहत नाही. हा पेन ड्राइव्ह त्यास हात देऊन उठवितो. नुसती प्रतिमा आहे आणि हे साधन नाही, म्हणजे औषध आहे पण बाटलीचे बूच निघत नाही. त्यानंतर बाहेरच्या डिस्कवर सबंध डिस्कची प्रतिमा उतरवावी. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये त्याची जुनी सोय अद्याप आहे. क्लोनझिला हा मोफत कार्यक्रमही हे काम करतो. मॅक संगणकावर टाइम मशीन ही सोय २००७ पासून आहे. प्रतिमा महिन्यातून एकदा पुरते. रोज बदलणाऱ्या फाइलींची प्रत आठवड्यास किंवा त्याहून वारंवार घ्यावी.

हे झाल्यावर माणसे हात झटकून उठतात. मीही उठत असे. खरे काम येथे सुरू होते. शाळेत आम्ही बेरीज झाल्यावर ताळा करून पाहावयास लावीत असू. ताळा न केलेल्या उत्तरास मी अर्धेच गुण देई. प्रतीचा ताळा दोन प्रकारे होतो. पहिला लहान ताळा: प्रतीतून कोणत्याही दहा फाइली, एखादे जुने पत्र, एखादे छायाचित्र, एखादा आवाज, निराळ्या कप्प्यात परत आणाव्यात आणि उघडून पाहाव्यात. नावे दिसतात एवढ्यावर संतोष मानू नये. फाइल उघडली पाहिजे, आवाज ऐकू आला पाहिजे. ज्यांना अधिक काटेकोर राहावयाचे असेल त्यांनी चेकसमचा उपयोग करावा. फाइलीतील सर्व अक्षरांवरून गणिताने एक खूण काढतात; मुळाची खूण आणि प्रतीची खूण जुळली तर प्रत बरोबर, एक अक्षर फिरले तरी खूण फिरते.

दुसरा मोठा ताळा म्हणजे संपूर्ण पुनःस्थापना. त्यासाठी मूळ डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी एक जादा डिस्क लागते. संगणक बंद करून आतील मूळ डिस्क काढावी, किंवा काढवून घ्यावी, आणि जपून ठेवावी. तिच्या जागी जादा डिस्क बसवावी. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करावा, बाहेरच्या डिस्कवरील प्रतिमा दाखवावी आणि ती नव्या डिस्कवर उतरू द्यावी. मूळ डिस्क आत असताना हा प्रयोग कधीही करू नये, कारण ज्या डिस्कवर प्रतिमा उतरते तिच्यावरचे सर्व प्रथम पुसले जाते. तालीम करता करताच नाटक संपावयाचे! पाचशे जीबी बाहेरच्या डिस्कवरून यावयास साधारण दीडदोन तास लागतील. हेच जर पन्नास एमबीपीएसच्या इंटरनेटवरून आणावयाचे तर अखंड बावीस तास हवेत. हे आकडे आधी ठाऊक असले म्हणजे आणीबाणीत जीव घाबरा होत नाही. संगणक सुरू झाला की वहीतील यादीप्रमाणे एकेक पाहावे: मराठी टंकलेखन होते का, छपाई निघते का, इंटरनेट लागते का, जुने हिशेब उघडतात का. जे अडले ते वहीत लिहावे आणि पुढच्या प्रतीत त्याची दुरुस्ती करावी. जादा डिस्क नसेल त्याने निदान पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू होतो आणि त्यास प्रतिमा दिसते, एवढे पाहून, पुढचे बटण न दाबता, मागे फिरावे. निम्मा ताळाही अजिबात नसण्यापेक्षा बरा. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यामुळे पुष्कळ घरांतून संगणक बदलत आहेत; जुनी डिस्क टाकून न देता या तालमीसाठी ठेवावी, हे उत्तम.

ताळ्याचे महत्त्व आपल्या संतांनी ओळखिले होते. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झाली. प्रतीवरून प्रती होत गेल्या. कोणी शब्द गाळला, कोणी पदरची ओवी घातली. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६, म्हणजे १५८४ साली, एकनाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती जमवून, पाठ ताडून पाहून, शुद्ध प्रत तयार केली. महाराष्ट्रात ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांचा काही तोटा नव्हता. परंतु पोथी आहे एवढ्यावर नाथ थांबले नाहीत. ती खरी आहे का, हे त्यांनी पाहिले. प्रतींची संख्या आणि प्रतीची शुद्धता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी कोणीतरी दिवा लावून बसावे लागते.

हे बसणे केव्हा करावे? कामाच्या रगाड्यात मुहूर्त सापडत नाही, म्हणून मी दोन दिवस नेमून टाकिले आहेत. खंडेनवमीस आपण हत्यारांची पूजा करतो. सोलापुरात मागाला हार घालतात, हल्ली संगणकालाही घालतात. तो हार घालण्यापूर्वी मी प्रतीचा मोठा ताळा करतो. आणि तेथून सहा महिन्यांनी गुढीपाडवा येतो, त्या दिवशी लहान ताळा. नातू मदतीस असतो. पहिल्या वर्षी पेन ड्राइव्ह सुरूच झाला नाही. दुसऱ्या वेळी सर्व आले, पण मराठी कळफलक आला नाही. तिसऱ्या वेळी, म्हणजे गेल्या खंडेनवमीस, काळ्या पडद्यावर संगणक उजळला आणि सर्व जेथल्या तेथे होते. नातवाने आक्काचा कप्पा उघडला आणि नऊंपैकी पहिली ओवी लाविली. जात्याची घरघर स्वयंपाकघरापर्यंत गेली. पत्नी पुरणाचा हात तसाच ठेवून दारात येऊन उभी राहिली.

त्या नऊ ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक बार्शीस भाच्याच्या कपाटात, एक दूर इंटरनेटवर. तिन्ही आम्ही ऐकून पाहिल्या आहेत. बावीस ओव्यांची एकही नाही, आणि त्याचा दोष डिस्कला देता येत नाही. डिस्क जाणारच होती.

श्रोतेहो, आज हे भाषण संपल्यावर आपल्यापैकी प्रत्येकाने एक लहानसे काम करावे, अशी माझी विनंती आहे. आपल्या घरातील संगणकात किंवा मोबाइलमध्ये जी एक वस्तू गेली असता पुन्हा कोठेच मिळणार नाही, ती कोणती, हे आठवावे. मग तिची प्रत कोठे आहे ते शोधावे, आणि ती प्रत परत आणून, उघडून, एकदा डोळ्यांनी पाहावी किंवा कानांनी ऐकावी. मिळाली तर आनंद आहे. न मिळाली तर अधिकच आनंद माना, कारण मूळ अजून शाबूत आहे आणि हाताशी आजची रात्र आहे.